छातीवरचा पटुका

जसमतीचं बाळ नऊ दिवसांचं, आणि दोन दिवस खोकत होतं. म्हणून सकाळी भाकरी अर्धी टाकून मी वर त्यांच्या घरी गेले. दार बंद, आत चूल पेटलेली. धूर इतका की आधी खोकला ऐकू यावा आणि मग माणूस दिसावं.

खोकला ऐकू आला नाही.

"आलीस का दवाखाना घेऊन?" जसमतीची सासू, साऱ्या गावाची आजी म्हणून बिर्मा बज्यै, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. "काही नको तुझं. ओवा-मेथीचं गरम तेल चोळलं. फासळ्या उडत होत्या, त्या बांधून टाकल्या. पहाटेपासून रडला नाही की खोकला नाही."

कमरेला गुंडाळायचा आपला लांब पटुका तिनं त्याच्या छातीभोवती आवळला होता.

शाळा तिसरीपर्यंतच, पण गावची आरोग्य स्वयंसेविका म्हणून पंधरा वर्षं घरोघर बाळं बघत फिरते आहे. रडणाऱ्या बाळाला मी भीत नाही. माझी थोरली अशीच एका पहाटे शांत झाली होती, आणि मीही तेलालाच यश दिलं होतं.

"बज्यै, पटुका सोडा. मिनिटभर श्वास मोजू दे."

"मोजायला श्वास म्हणजे काय बकऱ्या आहेत? अकराव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत बाळ उघडं करत नाहीत. वारा लागतो."

"वाराच कमी पडतोय त्याला."

कोपऱ्यातून जसमती सासूला हळूच म्हणाली, "आमा, पहाटेपासून दूध ओढलं नाही त्यानं. माझी छाती तटतटलीय."

म्हातारीचा हात थांबला. मग तिनंच गाठ सोडली.

मी घड्याळ लावलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, जणू आतून कुणी कातडी ओढतंय. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ जांभळट. साठच्या आत हवेत, ब्याऐंशी भरले.

"मग गप्प का झाला?" बज्यैनं विचारलं.

"फुप्फुसात मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात. रोग शिरला की त्यांत पाणी नि पू भरतो, हवेला जागा उरत नाही. मग बाळ धावत सुटल्यासारखे श्वास घेतं. दमलं की रडायलाही बळ उरत नाही."

पटुक्याबद्दल मी बोलले नाही. तिच्या तोंडावरून दिसत होतं, ते तिचं स्वतःशी बोलून झालं होतं.

आरोग्यचौकी नदीपलीकडे, दीड तासावर. जसमती उठली आणि दारातच अडखळली. ओली बाळंतीण नदी ओलांडत नाही.

"चल," बज्यै म्हणाली. "नदीशी मी बघून घेईन." तिनं चोळीची कसणी सोडली, बाळाला उघड्या छातीशी धरलं आणि वरून शाल घेतली.

झुलत्या पुलावर वारा होता. मी शालीत हात घालून, त्याच्या पाठीवर तळवा ठेवून मोजत चालले होते. अर्ध्या पुलावर तळव्याखाली काहीच लागेना.

"का थांबलीस?" बज्यैनं विचारलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मी त्याच्या तळपायावर टिचकी मारली. पुन्हा मारली. खाली नदी तेवढी ऐकू येत होती.

मग पाठ हलली.

"एक," मी म्हटलं.

"मोठ्यानं मोज," बज्यै म्हणाली आणि चालू लागली. "मला ऐकू येईल असं मोज."