कोरफडीची पोरं

वृषालीच्या खिडकीत एकोणीस झाडं होती आणि त्यातल्या एकालाही पाण्याची घाई नव्हती. कुणी दह्याच्या डब्यात, कुणी कान तुटलेल्या कपात, तर एक सासूबाईंच्या औषधाच्या रिकाम्या बरणीत. जाड, रसरशीत पानांची ही सक्युलंटं तेलंगणातल्या उटनूरच्या उन्हातही ढिम्म बसून असत. सासूबाई त्यांना सरसकट ‘कोरफडीची पोरं’ म्हणायच्या.

सासूबाईंचं नाव चंद्रभागा. सारं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचण्यात गेलं. सहा महिन्यांपूर्वी मोरीत पाय घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चाला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, जमत नाही. तेव्हापासून पलंग ते मोरी, मोरी ते पलंग, आणि तेही सुनेच्या खांद्यावर भार टाकून. सून घरात अडकली ती अडकलीच. कोपऱ्यावर भाजी आणायला गेली तरी मागून हाक यायची, “लवकर ये वं बाई!” दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीला गज.

त्या खिडकीतच तिनं हा दुसरा संसार मांडला होता. वाळू आणि विटांचा चुरा कालवून त्यावर एक पान नुसतं ठेवून द्यायचं. पंधरा दिवसांत पानाच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढं रोप दिसू लागायचं, आणि आपल्या पोटातलं पाणी त्याला पाजत मूळचं पान सुकत जायचं. वृषाली ते बघत उभी राहायची. दिवसभरात त्या घरात नवं असं तेवढंच घडायचं.

नवरा धम्मपाल कचेरीत क्लार्क. माणूस वाईट नव्हता, पण पाहुण्यांसमोर खिडकी दाखवून कौतुकानं सांगायचा, “आमच्या वृषालीचंबी असंच हाय. काही लागतच नाही तिले.” पाहुणे हसत, तीही हसे, आणि मग आत जाऊन उगाच भांडी आपटे. काही लागत नाही म्हणे! बी.एड. झालेल्या बाईला काही लागत नाही!

लागत होतं. नार्नूरच्या मराठी शाळेत कंत्राटी शिक्षिकेच्या जागेसाठी तिचं नाव लागलं होतं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. धम्मपालनं पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“माय दिवसभर एकटी कशी राहीन? खिडकीपर्यंत तं चालता येत नाही तिले.”

बोलणं रास्त होतं, हीच तर पंचाईत होती. भांडायलाही जागा उरली नाही.

त्याच आठवड्यात बाजारहत्नूरला तिच्या चुलतभावाचं लग्न निघालं. तीन दिवसांपुरती सुटका झाली. दुपारी जेवू घालायचं आणि मोरीत न्यायचं काम शेजारच्या मथुराबाईंनी अंगावर घेतलं. शनिवारी संध्याकाळी वृषाली परतली ती चपला काढून थेट खिडकीशीच गेली.

एकोणीसच्या एकोणीस झाडं सडली होती. पानं पिवळी, पारदर्शक, बोट लावताच गळून पडणारी. खोडं काळी, आणि बिनभोकाच्या डब्यांत तुंबलेल्या पाण्याला आंबूस वास. ती तशीच शेजारी गेली.

“मावशी, झाडायले पाणी टाकलं का तुमी?”

“म्या?” मथुराबाईंनी कानाला हात लावला. “काटेरी झाडानं घरात भांडणं लागतात बाई. म्या तं त्या बाजूले फिरकलीबी नाही.”

धम्मपाल तर सकाळी नवाला जाऊन सातला येणारा. मग कोण? घरात येऊन वृषालीनं खिडकीखालची फरशी पाहिली. सांडलेला चिखल वाळला होता, आणि त्यात गोल गोल ठसे उमटले होते. वॉकरच्या रबरी पायांचे. खिडकीपासून आतल्या पलंगापर्यंत जाणारे, आणि एकदाचे नव्हेत.

चंद्रभागाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

“आई, तुमाले चालता येते?”

चंद्रभागाबाई पाठमोऱ्याच बोलल्या, “माती कोरडी ठणठणीत व्हती वं त्यायची. तान्हेलं झाड पाह्यलं का जीव तुटते माहा. सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या टाकलं.” मग हळूच, “धम्मपालले सांगू नको. मोठी सून हैदराबादले नोकरीले गेली, चार वर्सं झाले, फोनबी नाही. तूबी गेली तं मले कोण इचारते?”

वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला. चालता येत असून या बाईनं तिला डांबून ठेवलं होतं, आणि भूतदयेपायी स्वतःच पकडली गेली होती. सांगावं तर म्हातारी लेकासमोर खोटी पडणार. न सांगावं तर सोमवार गेला.

सात वाजता धम्मपाल आला. “अवो, हे काय झालं?”

वृषालीनं आत पाहिलं. पलंगावरून दोन म्हातारे डोळे तिच्याकडे लागले होते.

“जाताना म्याच जास्त पाणी टाकलं,” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी स्वतःचाच राग आला.

धम्मपाल हसला. “ज्याले काही लागत नाही, तेबी मारले तू! शाळेतले पोरं काय सांभाळले असते? बरं झालं, घरीच हायस.”

वृषाली फडकं घेऊन खिडकीखालचा वाळलेला चिखल पुसू लागली.

आतून टक असा आवाज आला. मग पुन्हा टक. चंद्रभागाबाई वॉकर धरून उंबरठ्यावर उभ्या होत्या. धम्मपाल धावला.

“हात नको लावू,” त्या म्हणाल्या. वॉकर उंबऱ्याच्या अल्याड ठेवला, दम खाल्ला, आणि खिडकीशी येऊन थांबल्या. “तिनं नाही मारले. म्या मारले. याच पायानं येऊन. दोन महिने झाले, येते मले चालता.”

धम्मपाल खुर्चीत बसला. आईकडे पाहावं की बायकोकडे, त्याला कळेना.

“नार्नूरची गाडी किती वाजता हाय वं?” चंद्रभागाबाईंनी सुनेला विचारलं.

“सव्वासातले.”

“आन या झाडायले पाणी कवा टाका लागते?”

“पंधरा दिवसांतून एकदा.”

म्हातारीनं सडक्या पानांवरून बोट फिरवलं.

“त्यायले चालते तसं. मले नाही चालत. तू रोज संध्याकाळी वापस येजो.”

“येईन, आई,” वृषाली म्हणाली.