पावसात मिसिंग

धाकट्या बहिणीचं, संजनाचं लग्न झालं त्या सालच्या आषाढात अंकुशने हरेश शेठची बंद पडलेली गाडी पनवेलच्या हायवेवरून ढकलत आपल्या गॅरेजच्या शेडमध्ये घेतली. शेठने त्याला ओळखलं नव्हतं. अंकुशने ओळखलं होतं. शेठलाही आणि गाडीलाही.

"उरणला निघालोय. पाऊस लागला की धडधडते, ओढतच नाही," शेठ म्हणाला. "मिसिंग करते रे."

हेच शब्द अंकुशने याच तोंडून ऐकले होते. काही वर्षांपूर्वी शेठच्याच रोडपालीच्या बांधकाम साइटवर मजुरीला असताना दिपाला, त्याच्या बायकोला, कळा सुटल्या तेव्हा तो गाडीसाठी शेठच्या पाया पडला होता. पावसात मिसिंग करते, रस्त्यात बंद पडेल, म्हणत शेठने हात झटकले. दिपा आणि पोर दोघंही झोपडीच्या पत्र्याखालीच गेली. त्याच संध्याकाळी हीच गाडी पाऊस कापत उरणला जेवायला गेली होती.

अंकुशने शटर अर्धं ओढलं. इंजिन चालू करून तो बाटलीने वायरींवर पाणी शिंपडू लागला.

"अरे, आधीच भिजून आलीय ती!"

"भिजवल्याबिगर कळत नाय शेठ, खरं का खोटं."

शेठ हसला. "गाडी कशाला खोटं बोलेल?"

"गाडी नाय बोलत."

काळोखात एका वायरीवर निळी ठिणगी उडाली. रबराला बारीक चीर होती. पाणी शिरलं की करंट प्लगपर्यंत पोचत नव्हता. नुसती सुकवली तर गाडी आत्ता धावली असती आणि पुढच्या सरीला बंद पडली असती. उरणच्या वाटेवर जासईच्या पुढे, कंटेनरच्या ट्रेलरांच्या मधोमध. या दिवसाची वाट बघतच अंकुश हातात पाना धरायला शिकला होता. त्याने फडकं घेऊन वायर कोरडी केली. इंजिन सुतासारखं चालू लागलं.

"वा रे पठ्ठ्या! आजच आईला उरणहून आणायचंय, ताईकडे असते. डायलिसिस चालू आहे, सारखी ने-आण."

बॉनेट लावता लावता अंकुशचा हात थांबला.

"वसुंधराबाईंना?"

"तू कसा ओळखतोस आईला?"

दिपाची तिरडी उचलायच्या आधी वसुंधराबाई एकट्या चिखल तुडवत अंकुशच्या कातकरवाडीवर आल्या होत्या. त्यांनी दिपाला आपल्या हाताने हळदकुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं, सवाष्णीची ओटी भरली. गावातली दुसरी कुठलीच बाई वाडीवर ओटी भरायला आली नव्हती.

त्याने बॉनेट पुन्हा उघडलं. फळीवर नव्या वायरी होत्या. त्या त्याने तिथेच राहू दिल्या. खालच्या डब्यातून दुसऱ्या गाडीच्या उतरवलेल्या वायरी काढल्या, एकेक वाकवून, पाणी मारून बघितली आणि बसवल्या.

"बाईंचं कसं हाय?"

"डॉक्टर म्हणतात, दिवाळी बघितली तर नशीब." शेठने चावी फिरवली. "जुन्या टाकल्यास? टिकतील ना?"

"येवढा पावसाळा खात्रीनं. बाईंना बिनघोर आना."

"आणि पुढचा?"

अंकुश बोटांचं ग्रीस पुसत होता.

"पुढच्या पावसाला माझ्याकडंच या, शेठ. दुसरीकडं जाऊ नका."

वसुंधराबाई त्याच साली माघात, उरणला लेकीच्या घरी वारल्या.