कच्चं पाणी

आप्पासो मगदुमांनी टाकीतून स्पंज वर उचलला, तसं त्यातून गढूळ तपकिरी पाणी ओघळलं. त्यांनी तो कात्रीनं मधोमध कापला, एक अर्धा परत टाकीत बसवला आणि दुसरा संयोगिताबाईंच्या ओंजळीत दिला. शेवाळाचा वास येणारा तो बुळबुळीत तुकडा हातात घेऊन बाई क्षणभर थबकल्या. निदान वरचा गाळ तरी जावा म्हणून त्या शेजारच्या नळाकडं वळल्या. तोटी फिरवणार इतक्यात आप्पासोंनी त्यांचं मनगट धरलं.

“नळाखाली धरू नगा, बाई. मरत्याल.”

“काय मरतील?”

“ह्यात हाईत ते. दिसत न्हाईत, पण हाईत.”

त्यांनी बालदीत टाकीतलंच पाणी भरून घेतलं, बाईंच्या हातातला स्पंज त्यात बुडवला आणि तो पूर्ण बुडाला आहे ना, हे वाकून दोनदा पाहिलं.

कबनूरच्या त्या शेडमध्ये एके काळी सहा यंत्रमाग होते. आता तिथं पाच टाक्या होत्या. आप्पासोंनी एकतीस वर्षं माग चालवले, पुढं मालकानं माग विकले आणि रिकामी शेड त्यांना वापरायला दिली. गावातल्या कुणाची तरी मुलं शिकायला बाहेर गेली, घर बदललं, हौस फिटली, की लोक आपले मासे आणून त्यांच्या दारात ठेवत. आप्पासोंनी आयुष्यात एकही मासा विकत घेतला नव्हता आणि आलेला एकही परत पाठवला नव्हता.

संयोगिता सरनोबत कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका कर्णबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या इथवर आल्या त्याला कारण होता सम्राट. सम्राट त्यांचा जुना विद्यार्थी. जन्मापासून ऐकू न येणारा हा मुलगा आता सव्वीस वर्षांचा होता आणि काचेच्या दुकानात कारागीर होता. गणपतीच्या सुट्टीत त्यानं स्वतः काच कापून, कडा घासून, सांधे भरून चार फुटी टाकी बनवली आणि शाळेच्या दालनात आणून ठेवली. त्याच दिवशी नळाचं पाणी भरलं, त्याच संध्याकाळी बारा गोल्डफिश आणून सोडले. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. पाचव्या दिवशी सकाळी शेवटचे तीन मुलांच्या देखत गाळणीनं काढावे लागले.

सम्राट धावत आला होता. आपण सांध्यात भरलेल्या गमातलं विष पाण्यात उतरलं, अशी त्याची खात्री झाली होती. बाईंनी परोपरीनं समजावलं, पण त्यानं हातांनी सांगितलं की येत्या रविवारी येऊन तो टाकी घेऊन जाईल आणि फोडून टाकील. बाईंनी त्याच्याकडं पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाई कबनूरच्या. त्या म्हणाल्या, आमच्या गल्लीत एक आप्पा हाईत, त्यांना इचारा.

आप्पासोंनी सगळं ऐकून घेतलं होतं, बायडाबाईंच्या तोंडाकडं एकटक बघत. मग म्हणाले होते, टाकी बघितल्याबिगर काय सांगणार न्हाय, पण पाणी कच्चं असणार.

शेडमधून निघण्यापूर्वी त्यांनी घरी सांगितलं की या टाकीतल्या माशांना आता आठ दिवस निम्मंच खाणं घाला. निम्मा स्पंज गेला, तर निम्मीच घाण व्हायला हवी. बाई त्यांच्या मागंच उभ्या होत्या. पाचातली हीच टाकी का निवडली, असं त्यांनी विचारलं. आप्पासो उत्तर न देता बालदीला ओला फडका बांधत राहिले. बऱ्याच वेळानं, वळल्यावर, आपणहून म्हणाले की या टाकीत दीड वर्षात एकही मासा आजारी पडलेला नाही, औषधाचा थेंब पडलेला नाही. आजारी घरातला स्पंज नेला तर आजारही बरोबर जातो.

बाईंना वाटलं, माणूस तऱ्हेवाईक आहे, पण विचार करून बोलणारा आहे.

गाडीत आप्पासोंनी बालदी दोन्ही पायांत धरली. हातकणंगल्यापर्यंत रस्त्यावर ट्रकांची रांग होती, त्यामुळं बाईंची नजर समोर होती. गाडी चालवता चालवता त्यांनी सम्राटची सगळी हकिगत सांगितली, तो शाळेत आला तेव्हा किती लहान होता इथपासून. आप्पासो खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी हुंकारही दिला नाही. आणि शाळेत पोचल्यावर टाकीसमोर उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की टाकी कुणी बनवली. बाईंना जरा लागलं, पण त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात.

आप्पासोंनी प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला. कोपऱ्यांत नखानं दाबून पाहिलं. गमाची रिकामी नळी मागवून तिच्यावरची बारीक अक्षरं चष्मा वर-खाली करत वाचली.

“त्या पोराला बोलवा,” ते म्हणाले.

सम्राट आला तो दाराशीच थांबला. आप्पासो त्याच्याकडं गेले, त्याचा हात धरून त्याला टाकीपाशी घेऊन आले आणि त्याचं बोट सांध्यावर ठेवलं. मग स्वतःचा अंगठा वर केला. पुढं जे झालं ते बाई बघत राहिल्या. आप्पासोंना खुणांची भाषा येत नव्हती, पण त्यांचे हात अडखळत नव्हते. मासा, त्याची विष्ठा, ती विरघळणं, माशाचा गुदमरणारा कल्ला, हे सगळं त्यांनी बोटांनी सांगितलं. मग बालदीतला स्पंज दाखवून चिमटीनं इवलं इवलं काहीतरी, असंख्य, असं दाखवलं, आणि ते इवलं घास घेतंय, घाण खातंय, हेही. सम्राटनं मध्येच हात पुढं करून हे माझ्या टाकीत होते का, असं विचारलं. आप्पासोंनी नाही अशी मान हलवली आणि टाकीच्या रिकाम्या तळाकडं बोट केलं. नव्या टाकीत हे नव्हतेच. मासे स्वतःच्याच घाणीनं मेले. काचेचा दोष नव्हता.

सम्राटनं दोन्ही तळवे काचेवर टेकले.

इतक्या सहज हे कुठं शिकलात, असं बाईंनी नंतर विचारलं, तेव्हा आप्पासो हसले. सहा माग चालू असताना कोण बोलणार आणि कोण ऐकणार, म्हणाले. मागावरची माणसं सगळं हातांनीच बोलतात.

आप्पासोंच्या सांगण्यावरून आधीच दोन दिवस पिंपात ठेवून शिळं केलेलं पाणी टाकीत भरलं गेलं. नव्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजाशेजारी जुन्याचा तो तपकिरी तुकडा बसला. पंप सुरू झाला, बुडबुडे उठले. मुलं दाटीवाटीनं जमली. मासे मात्र आले नाहीत. आप्पासोंनी माशांच्या खाण्याची चिमूट रिकाम्या पाण्यात सोडली आणि झाकण लावलं. मुलांनी एकमेकांकडं बघून खुणा केल्या की या आजोबांना दिसत नाही, टाकीत कुणी नाही. आप्पासोंनी ते ओळखलं. त्यांनी स्पंजाकडं बोट केलं, पोटावर हात फिरवला आणि चिमूटभर आणखी टाकल्यासारखं केलं. उपाशी ठेवलं तर हे इवले मरणार, तेव्हा मासे येईपर्यंत यांनाच जेवू घालायचं. हे मुलांना बाईंपेक्षा लवकर समजलं.

त्यानंतर ते दिवसाआड येत. कबनूरहून इचलकरंजी, तिथून एसटी, मग चालत. येताना खिशात काचेच्या दोन नळ्या आणि थेंबांच्या बाटल्या. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, थेंब मोजून सोडायचे, हलवायचं आणि रंग उतरायची वाट बघायची. पहिल्या खेपेला एक नळी हिरवी झाली. हिरवी म्हणजे विष. तिसऱ्या खेपेला ती पिवळी व्हायला लागली, पण दुसरी जांभळी झाली. एक विष खाल्लं गेलं, त्यातून दुसरं झालं, आता दुसऱ्याला खाणारे वाढायला हवेत. मुलं प्रत्येक खेपेचे रंग खडूनं फळ्यावर गोल काढून भरत. तारखा खाली लिहीत. त्यांनी आप्पासोंना नावही ठेवलं. या शाळेत प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं. आप्पासोंचं नाव होतं, हवेत चिमूट सोडणं.

मधल्या काळात संस्थेच्या एका विश्वस्तांचा निरोप आला. शनिवारी पाहुणे येणार होते, रिकामी टाकी बरी दिसत नाही, चार मासे सोडून टाका. बाईंनी आप्पासोंना विचारलं. जांभळी नळी त्यांच्या हातातच होती.

“पावण्यांनी पाणी बघावं की,” ते म्हणाले. “पाणी तयार हुतंय, त्ये बी बघण्यासारखंच हाय. सोडायचं असंल तर मला सांगू नगा. मी येणार न्हाय मग.”

बाईंनी विश्वस्तांना फोन केला आणि हेच शब्द जरा मऊ करून सांगितले. पाहुणे आले, त्यांनी पाणी पाहिलं. एका मुलीनं त्यांना फळ्यावरचे रंग खुणांनी समजावले आणि बाईंनी ते बोलून सांगितले. कुणी हसलं नाही.

अकराव्या दिवशी एक नळी पिवळी राहिली, दुसरी आभाळासारखी निळी. आप्पासोंनी खात्रीसाठी पाण्यात जरा जास्त खाणं घालून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. रंग तेच. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या टाकीतले पाच छोटे मासे पिशवीतून आणले होते. पाचच. बाकीचे महिन्याभरानं, म्हणाले, जेवणारी तोंडं एकदम वाढवली तर घाण खाणाऱ्या इवल्यांना जमत नाही. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगली, तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घातलं गेलं आणि मग पाच मासे एकामागून एक बाहेर आले. सम्राटनं कामावरून सुट्टी घेतली होती.

दहा दिवस झाले. पाचही मासे खात होते, पाण्यातल्या झाडामागं पळत होते. टाकी फोडायची भाषा सम्राटच्या हातांत पुन्हा आली नाही. उलट शाळेच्या दुसऱ्या मजल्यासाठी छोटी टाकी करू का, असं तो विचारू लागला होता.

त्या मंगळवारी मधल्या सुट्टीत दालन भरलेलं होतं. चाळीसेक मुलं, सम्राट, आणि टाकीशी वाकून काच पुसणारे आप्पासो. संयोगिताबाई दारातून आत आल्या आणि थांबल्या. पंपातून खरखर येत होती, दगडावर डबा घासावा तशी, चांगलीच मोठी. मुलं खेळत होती. सम्राट मासे बघत होता. कुणी मान वळवली नव्हती, आणि मुलांनी ती वळवावी अशी अपेक्षाही नव्हती. पण आप्पासोंचा कान पंपापासून वीतभर अंतरावर होता आणि ते शांतपणे काच पुसत होते.

“आप्पा, पंप,” बाई मागून म्हणाल्या.

आप्पासोंनी फडका पिळला.

“आप्पा,” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

फडका पुन्हा काचेवरून फिरू लागला. बाई तिथंच उभ्या राहिल्या. शेडमधला तो प्रश्न, गाडीतली ती हकिगत, बायडाबाईंच्या ओठांवरची ती नजर. बावीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या मुलांत हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखत आल्या होत्या. या माणसात मात्र त्यांना तऱ्हेवाईकपणा दिसला होता. बाईंचा हात नकळत कानाकडं गेला आणि खाली आला.

त्या टाकीला वळसा घालून पुढं गेल्या, आप्पासोंच्या डोळ्यांसमोर येतील अशा वाकल्या आणि उजेडाकडं तोंड करून, न ओरडता, सावकाश म्हणाल्या, “आप्पा, पंपातून आवाज येतोय.”

आप्पासोंनी त्यांच्या ओठांकडं पाहिलं. फडका ठेवला, पंपावर तळहात टेकला आणि डोळे मिटले.

“व्हय की. घासतोय.”

त्यांनी पंप उघडला, आत अडकलेला वाळूचा खडा नखानं काढला, पुन्हा बसवला आणि परत तळहात ठेवून बघितलं. खरखर थांबली होती. ते त्यांना हातानं कळलं.

बाई अजून समोरच होत्या. त्या म्हणाल्या, “आप्पा, आमच्याकडं कान तपासायची खोली आहे. जिन्याशेजारी.”

“ठाव हाय,” आप्पासो म्हणाले. “पैल्याच दिवशी पाटी वाचली.”

“मग बोलला नाहीत?”

आप्पासोंनी पाच माशांकडं पाहिलं, ते सगळे आहेत ना, हे मोजल्यासारखं.

“ह्येंचं काम मधीच हुतं की, बाई. आधी ह्येंचं हुंदे म्हटलं.” मग जरा थांबून, आवाज कमी करून, म्हणाले, “माग बंद झालं तवा कळलं, ऐकू कमी येतंय. सात वर्सं झाली. घरात अजून कुणाला सांगितलं न्हाय.”

त्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून, आणि उभे राहिले. बाईंना सवयीनं पुढं चालायचं होतं, पण त्या पुढं गेल्या नाहीत. त्यांच्या शेजारून, चेहरा त्यांच्याकडं वळवून, जिन्याच्या दिशेनं हळूहळू चालू लागल्या.