पुराव्यादाखल काकवी

ड्रायव्हरने तीन महिन्यांत साखरेचा कणही तोंडात घातला नव्हता. तरीही डेपोच्या दवाखान्याबाहेर उन्हातल्या बाकावर तो मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसला होता.

मागच्या तपासणीत त्याच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली, तेव्हा डॉक्टरबाईंनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. पुन्हा तेच निघालं तर स्टिअरिंग सुटणार आणि 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसावं लागणार. त्या खिडकीत एक जुना ड्रायव्हर होताच. बावीस वर्षं बस चालवलेला हा गडी आता छत्र्यांना चिठ्ठ्या बांधायचा. बाहेर बस वळली की टेबलाखाली त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

ड्रायव्हरने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची झोपच उडाली.

तोड काढली मेहुण्याने. त्याचं रंगाचं दुकान होतं, त्यामुळे आरोग्याबद्दल त्याची मतं पक्की होती.

"भावोजी, साखर म्हणजे विष. काकवी घ्या. उसाचा रस आटवला की झाली काकवी. केमिकल नाही, काही नाही. अंगात नुसतं लोखंड भरतं!"

"पण गोडच असते ना रे?" बायकोने विचारलं.

"ताई, तो गोडवा वेगळा. तो रक्तात जात नाही."

मग कुठे जातो, हे कोणी विचारलं नाही.

काकवीने चहातलं दूध फाटलं, म्हणून चहा कोरा झाला. कोऱ्या चहात तिचा उग्रपणा घशाशी येऊ लागला. सवय व्हावी म्हणून दोनाचे तीन चमचे झाले. मग ती पावावर आली. पुढे धीर खचला की एक चमचा नुसताच, लोखंडासाठी. आणि धीर तर रोजच खचत होता.

"अहो, चहातला ओला चमचा बाटलीत घालू नका, खराब होईल," बायको रोज सांगायची.

"नैसर्गिक आहे ती. तिला काय धाड भरलीय?"

आज तीच बाटली त्याने पिशवीतून आणली होती. आपण किती पथ्य पाळलं, याचा पुरावा नको?

"साखर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पूर्ण बंद. ही बघा, फक्त काकवी." त्याने अभिमानाने झाकण फिरवलं.

फस्सकन आवाज झाला. फेस उसळून टेबलावरच्या रजिस्टरवर आला आणि खोलीभर आंबूस दर्प पसरला. दारू प्यायलेल्या माणसाच्या तोंडाला येतो, तसा.

"तुम्ही हे पिऊन बस चालवता?"

"बाई, पीत नाही हो! पावाला लावतो!"

कंपाउंडर फुंकायचं यंत्र घेऊन आला. ड्रायव्हरने डोळे मिटले. सकाळचे तीन चमचे त्याला एकेक करून आठवले. त्याने फुंकर मारली.

"शून्य," कंपाउंडर जरा हिरमुसून म्हणाला.

ड्रायव्हरच्या जिवात जीव आला. तोवर बाईंनी परवाच्या रक्ताचा रिपोर्ट उघडला होता.

"साखर मागच्यापेक्षा जास्त आहे."

"पण मी तर बंद केलीय!"

"काकवी म्हणजे पातळ साखरच. वर चमचा शिगोशीग भरतो."

"आणि लोखंड?"

"लोखंडाची गोळी मिळते. ती तीन-तीन खायचा मोह होत नाही."

परतताना तो प्रवासी म्हणून मागच्या सीटवर बसला. उतरताना बाटली सीटखालीच राहिली. अगदी चुकून.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या जुन्या गड्याने सरकून जागा दिली.

"तुझं काय?"

"काकवी."

"माझा मध होता," तो म्हणाला.

इतक्यात कंडक्टर आला. "दादा, मागच्या सीटखाली सापडली. तीस दिवस ठेवायची, नियम आहे."

ड्रायव्हरने चिठ्ठी बांधली: 'मालक अज्ञात'. बाटली फळीवर, बरोबर डोक्याच्या वर ठेवली आणि तो झाकणाकडे बघत बसला. दुपारच्या उन्हात झाकण जरासं फुगलं. फिस्स.

टेबलाखाली दोन उजवे पाय एकदम ब्रेकवर पडले.