काचेवरचा लाल धागा

अर्धवट विणलेला पायमोजा. शाळेची रिकामी बस. गवतात रुतलेलं पंखाचं टोक. गळ्यात बांधलेला हात.

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा धागा आहे. वीतभर, लाल. माझं एक टोक ग्लायडरच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाच्या, पुढच्या काचेवर चिकटपट्टीखाली. दुसरं वाऱ्यावर मोकळं. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. विमान नीट चाललं की सरळ थरथरतो, घसरू लागलं की बाजूला पळतो.

मुलं वर्गात असेपर्यंत शाळेच्या बसची ड्रायव्हर गाडीतच मोजे विणत बसायची. तिचा धाकटा भाऊ ग्लायडर शिकवायचा. त्याचा जुना धागा उडाला तेव्हा तिनं मोजा उसवून मला कापून दिलं. "विमानातल्या सगळ्या मीटरच्या काट्यांपेक्षा हा खरा," असं तो प्रत्येक शिकाऊला सांगे. मग एके दिवशी तीच शिकायला बसली.

"ताई, वळताना कलायचं! बस नाहीये ही."

"कलले तर मागची पोरं बाकावरून पडतील रे!"

"मागे मी बसलोय!"

"तू काय कमी पोर आहेस, बाळ्या?"

शिकली हळूहळू. एकटी उडाली. उतरण्याआधीचं शेवटचं वळण, जमीन जवळ. ती कलेचना, नुसती पायाखालच्या पेडलनं विमानाचं नाक वळवत राहिली. मी डावीकडे पळालो, पार आडवा झालो, तिच्या डोळ्यांपुढे तडफडलो! ती धावपट्टीकडेच बघत होती. डावा पंख खचला, टोक रुतलं, विमान गर्रकन फिरलं.

तिच्या खांद्याचं हाड मोडलं.

"बास झालं तुझं उडणं," भाऊ म्हणाला. "आईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"बसची सवय नडली रे. दुसरं काही नाही." विचारील त्याला ती हेच सांगायची.

तेव्हापासून ग्लायडर शेडमध्ये आहे. दारातून झुळूक आली की मी उगाच उठून बसतो. धूळ बसली, चिकटपट्टी सुटत आली. काल भाऊ एकटाच आला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली आणि फोन लावला.

"ताई, हात बरा झाला की येशील? पुन्हा पहिल्यापासून शिकवतो."

मित्रांनो, डोळ्यांपुढे काही तडफडत असेल, तर आधी तिकडे बघा हो.

त्या सकाळी ती उडण्यापूर्वी भावानंच तिला बजावलं होतं, "जमिनीजवळ कलू नकोस."