अरबी स्क्रीनवरची दोन बटणं

साहेब, नूरुद्दीनची नोकरी तुम्ही खाल्लीत. अरबीनं नाही, ॲपनं नाही, मंदीनं तर नाहीच. मंदीला अर्धं ऑफिस देऊन आपण दोन वर्षांपूर्वी, २००९ मध्येच मोकळे झालो होतो.

इथल्याच फुजैरा बंदरातल्या तेल-टर्मिनलचं ॲप. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजाला इंधनाची बोट हवी, तर एजंटानं मोबाइलवरून ऑर्डर पाठवायची, एवढंच. स्क्रीन कशा बांधायच्या यावर मीटिंग झाली. मी म्हटलं, कोडऐवजी मार्कअपमध्ये, म्हणजे कंसांतल्या खुणांनी बांधू. बटण आणि त्याच्यावरचं नाव एकत्र राहतं, अरबीसाठी वेगळी फाइल ठेवता येते. अरबी उजवीकडून चालते, सगळी स्क्रीन फिरवून मांडावी लागणार.

तुम्ही चहा ढवळत म्हणालात, "वीणा, मार्कअप म्हणजे टायपिंग. कंस लावायला इंजिनिअर ठेवलेत का मी? क्लायंटला कोड दिसला पाहिजे. भरपूर!"

"पण सर, कोडमध्ये प्रत्येक बटणाची जागा आकड्यांत द्यायची, नावाची वेगळी..."

"आकडे येतात ना तुला? यल्ला, लिही मग."

काय ही दूरदृष्टी! चौदा स्क्रीन मी आकड्यांत लिहिल्या. कोड भरपूर झाला. क्लायंटनं त्यातली एक ओळ उघडून पाहिली नाही.

डेमोच्या आदल्या दुपारी तुम्हाला आठवलं की ऑफिसात अरबी कुणालाच येत नाही. भाषांतर बाहेरून आलं होतं, तपासणार कोण? तुमची नजर फिरत फिरत रत्नागिरीच्या नूरुद्दीनवर थांबली. तो सर्व्हर सांभाळायचा.

"नूरुद्दीन, तुम्हा लोकांना अरबी येते ना?"

"वाचता येते, सर. कुराण वाचतो. अर्थ नाही कळत. आणि इथं तर जेर-जबरच्या, उच्चाराच्या खुणापण नाहीत."

"हबीबी, नुसतं वाच. समजायला कुणी सांगितलंय?"

समजायला कुणी सांगितलंय! हे वाक्य फ्रेम करून रिसेप्शनवर लावा, साहेब. कंपनीचं धोरण एका ओळीत.

तो कागदावरचा एकेक शब्द स्क्रीनवरच्या शब्दाशी ताडून मोठ्यानं वाचत बसला. "इरसाल," तो म्हणाला.

"कुणाला म्हणतोस रे?" अंकुर पलीकडच्या टेबलावरून.

"लिहिलंय तसं वाचतोय, भाई. लागलं असेल तर तुझं तू बघ."

सगळे शब्द बरोबर निघाले. त्यानं सही केली. शब्द बरोबरच होते. फक्त स्क्रीन फिरवताना मी बटणांचे आकडे बदलले आणि नावांचे राहिले. 'इरसाल' म्हणजे 'पाठवा'; तो शब्द जाऊन बसला रद्द करणाऱ्या बटणावर. दाबून मी पाहिलं नाही. माझी चूक, लिहून देते.

डेमोत टर्मिनलच्या अमिराती साहेबांनी 'पाठवा' दाबलं. ऑर्डर रद्द. पुन्हा दाबलं, पुन्हा रद्द. तिसऱ्यांदा ते हसत म्हणाले, "खलास?" आणि तुम्ही पटकन म्हणालात, "आमच्या अरबी एक्स्पर्टची चूक." नूरुद्दीन एका वाक्यात एक्स्पर्ट झाला, दुसऱ्या वाक्यात घरी.

मी तुमच्या केबिनमध्ये आले. "सर, चूक माझ्या आकड्यांची आहे."

"माहितीये. पण तू गेलीस तर तो कोड दुसऱ्या कुणाला कळणार आहे का? त्याला जाऊ दे."

म्हणजे ज्या कोडला मी विरोध केला, त्यानंच माझी नोकरी वाचवली. व्वा.

नोकरीबरोबर व्हिसाही गेला; नूरुद्दीनला देश सोडायला तीस दिवस मिळाले. त्याची बायको, जहांआराभाभी, सामान बांधतायत. त्यांची मुलगी दुआ विचारते, "But who will take my place in the class photo?" काल तो मला भेटला. म्हणाला, "वीणाबाई, त्या दोन शब्दांचा अर्थ काय होता?"

"एक पाठवा, एक रद्द."

"मी वाचले तर बरोबर होते ना?"

"बरोबर होते."

आज तुम्ही स्क्रीनच्या त्या जुन्या मीटिंगचं इतिवृत्त आता लिहून सहीला पाठवलंत: 'टीमने एकमताने कोडची निवड केली. अरबीची जबाबदारी नूरुद्दीन यांची.' मी सही केलेली नाही. करणारही नाही, काढायचं तर मलाही काढा. त्यांचं विमान गुरुवारी आहे. बुधवारपर्यंत मला एकाच प्रश्नाचं उत्तर लेखी पाहिजे, त्याची प्रत नूरुद्दीनला: कोडचा तो निर्णय तुमचा होता, हो की नाही?