शालनबाईंचा उखाणा कुणी पळवला?

मी पेन ड्राइव्ह बोलतोय. बत्तीस जीबीचा, काळा, टोपण हरवलेला. आधीच सांगून टाकतो, मला माणसांची किळस आली आहे. गोड काही ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीचं आत्मवृत्त वाचा.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते पाकिटावर छापलं होतं, पण पाकीट फाडल्यावर ते कोण वाचतो? आकुर्डी स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होतो. तिथून मला रविराजने घेतलं. रविराज मूळचा बीडकडचा, चाकणच्या एका कंपनीत मशीनवर ऑपरेटर. सुट्टीच्या दिवशी मात्र तो 'डीजे आरव्ही'. लग्न, हळद, बारसं, जे मिळेल ते.

दुकानदाराने विचारलं, "रिकामा देऊ का भरून?" भरून म्हणजे चारशे गाणी आत कॉपी करून. त्या गाण्यांची मालकी कुणाची, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि रविराजनेही विचारलं नाही. माझ्या पोटात पडलेला पहिला घासच चोरीचा होता. मी तेव्हा नवा होतो, मला पोट भरल्याचाच आनंद झाला.

रविराजला चोरीची भीती होती, ती फक्त स्वतःच्या मालाच्या चोरीची. दर दोन मिनिटांनी तो गाण्यावर आपला आवाज टाकायचा, "डीजे आरव्ही, चाकण!" याला टॅग म्हणतात. दुसऱ्याच्या गाण्यावर आपलं नाव ठोकायचं आणि मग ते कुणी उचलेल म्हणून धास्तावून राहायचं, असला हा उद्योग. तरी त्याचा हात चांगला होता. ते मला कबूल केलंच पाहिजे, कारण चाकणजवळच्या निघोजे गावात एका हळदीत मी त्याच्या मिक्सरला लावलेला होतो आणि माझ्यात रेकॉर्डिंग चालू होतं.

हळद लागून गेली होती आणि बायका माईकवर एकेक उखाणा घेत होत्या. नवरदेवाची आत्या शालनबाई, साठी उलटलेल्या, मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे मालक भिमाजीराव जाऊन सात वर्षं झाली होती, आणि अशा बाईला उखाण्याचा आग्रह कुणी करत नाही. माणसांच्या ज्या चालींची मला चीड येते त्यातली ही एक. पण नवरदेव स्वतः उठला, पिवळ्या हाताने माईक घेऊन त्यांच्यापाशी गेला. "आत्या, तू बी घे."

त्या दोनदा नको म्हणाल्या. मग माईक धरून, मान खाली घालून म्हणाल्या,

"शेताच्या बांधावर उभी कंपनीची भिंत,
भिमाजीरावांचं नाव घेते, ठेवत न्हाई खंत."

मांडव गप्प झाला. रविराजने गाणं बंद केलं, खाली नुसती हलगी हळू वाजत ठेवली आणि मिक्सरवरून ते नाव पुन्हा दोनदा ऐकवलं. बायकांनी डोळे पुसले. शालनबाई तोंडावर पदर धरून हसल्या. माझ्या अख्ख्या आयुष्यात अभिमान वाटावा असं एवढंच घडलं आहे.

आता पुढची घाण ऐका.

रविराजबरोबर मशीनवर काम करणारा समर्थ नावाचा एक मित्र आहे. कंपनीच्या बसमध्ये रोज कुणाचा पेन ड्राइव्ह लावायचा याची पाळी असते, आणि त्या आठवड्यात पाळी समर्थची होती. "भावा, त्या हळदीत रेकॉर्ड केलेला तुझा लाईव्ह सेट दे ना. तेच तेच ऐकून कान किटले राव."

"ऐकायला देतोय हां. कॉपी नाही करायचा."

"आईशप्पथ."

बस तळवड्याच्या पुढे जाते न जाते तोच समर्थने मला आपल्या लॅपटॉपला लावलं. मग मागच्या सीटवरच्याने मागितलं, मग ड्रायव्हरने. प्रत्येकाचं म्हणणं एकच, मी फक्त एकाला दिलं. त्या बसमध्ये बेचाळीस माणसं होती. एरवी कुणी त्यांच्या डब्यातली चटणी न विचारता घेतली तर दोन दिवस अबोला धरणारी!

आठवड्याभरात तो सेट फुकट डाउनलोडच्या एका साईटवर चढला. रविराजचा टॅग कापून तिथे भलत्याच डीजेचं नाव होतं. आणि शालनबाईंचा उखाणा वेगळा काढला होता. "भिमाजीरावांचं नाव घेते, नाव घेते, नाव घेते," मध्ये बाटली उघडल्याचा आवाज, मागे एका दारुड्याचं हसणं. खात्री करायला रविराजने ते माझ्यातच उतरवून घेतलं. ते आत आलं तेव्हा मला ओकारी यावी तसं झालं. पेन ड्राइव्हला ओकता येत नाही, ही आमची मोठी अडचण.

पुढे निघोज्यात एक वरात निघाली आणि ते गाणं थेट शालनबाईंच्या दारासमोर वाजलं. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या भाच्याला, त्या हळदीतल्या नवरदेवाला, घेऊन रविराजच्या आकुर्डीच्या खोलीवर आल्या. चहाला नको म्हणाल्या.

"पोरं दारू पिऊन माझ्या मालकाच्या नावानं नाचत्यात, बाबा. त्ये कधी थेंबाला शिवलं न्हाईत. माझ्या तोंडनं नाव निघालं म्हणून ही येळ आली. तेवढं नाव काढून घे. मला दुसरं काय बी नगं."

रविराजची मान खाली गेली. तेव्हा मला तो माणूस वाटला.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन पिंपळे सौदागरला अरुंधती वकिलांकडे गेला. "माझा सेट चोरला," म्हणाला. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"लग्नकार्यात गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे, त्यावरही वाद चालूच आहेत. पण वाजवणं वेगळं आणि रेकॉर्ड करून वाटणं वेगळं. यातली गाणी तुमची आहेत?"

"नाही मॅडम."

"मग तुमच्या तक्रारीत दम नाही. पण शालनबाईंच्या तक्रारीत आहे. गाणाऱ्या-बोलणाऱ्या कलाकाराला विचारल्याशिवाय त्याचा आवाज रेकॉर्ड करता येत नाही. तुम्ही विचारलं होतं?"

"माईक त्यांनीच धरला, मॅडम."

"उखाण्यासाठी धरला. रेकॉर्डिंग चालू आहे हे त्यांना माहीत होतं?"

रविराजने नकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, "त्यांच्या नावाने नोटीस काढू, साईटवरून उतरवायला लावू. मूळ रेकॉर्डिंग लागेल, म्हणून हा पेन ड्राइव्ह जपा. मात्र न विचारता घेणाऱ्यांत पहिलं नाव तुमचं येतं. ते त्यांना सांगा आणि माफी मागा. बहुतेक त्या माफ करतील."

एवढंच करायचं होतं. एका म्हातारीसमोर जाऊन चार शब्द बोलायचे होते.

रविवारी रविराज निघोज्याला गेला. शालनबाईंच्या अंगणात लॅपटॉप उघडून त्याने मला लावलं आणि म्हणाला, "मावशी, हे बघा, तुमच्यासमोर पुसतो."

"जायच्या आधी येकदा ऐकव की," त्या म्हणाल्या.

त्याने ऐकवलं. हलगी, उखाणा, मांडवाची शांतता. शालनबाईंनी डोळे मिटले होते. मग त्याने एक बटण दाबलं आणि मी रिकामा झालो. मूळ रेकॉर्डिंग होतं ते फक्त माझ्यापाशी, आणि पुरावाही तेच होतं.

"समदीकडनं गेलं?"

"हो मावशी. आता कुठंच नाही."

शालनबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवीभर शेंगा बांधून दिल्या. माफीचा एक शब्द न काढता त्याने त्या घेतल्या! घरी जाताना वाटेत फोडून खाल्ल्या. अरुंधती वकिलांचा फोन आला, तो त्याने उचलला नाही.

मला वाटलं होतं, याहून खाली माणूस जात नसेल. गेल्या आठवड्यात रविराजने मला पुन्हा भरलं, त्याच साईटवरून, 'हळदी स्पेशल' नावाचं अख्खं फोल्डर, आत काय आहे ते न बघता. त्यात सदतिसाव्या नंबरला तेच आहे. बाटली, हसणं, आणि भिमाजीरावांचं नाव.

परवा निघोज्यात शालनबाईंच्या भाचीची हळद आहे. डीजेसाठी रविराजचं नाव त्यांनीच सुचवलं, पोरगा गुणाचा आहे म्हणून. फोल्डर एकदा चालू केलं की तो जेवायला जातो आणि गाण्यामागून गाणं आपोआप वाजत राहतं. मला थांबता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या मांडवात असाल तर मिक्सरपाशी जा, मला उपटून काढा आणि टाचेखाली चुरडा. माझ्यावर दया करू नका. फक्त ते सदतिसावं गाणं लागायच्या आत करा, कारण शालनबाई या वेळी आपणहून उखाणा घेणार आहेत.